हेकरूचे उघडे तोंड

तेआबोचा खालचा एक दात हलू लागला आहे, ही गोष्ट सगळ्यांत आधी समुद्राला कळली.

ओहोटीची वेळ होती. प्रवाळाच्या कडेला, जिथे आतले हिरवे पाणी संपते आणि बाहेरचे निळे सुरू होते, तिथे तेआबो दोन पुरुष खोल पाण्यात एका बिळाशी लागला होता. डाव्या हाताने त्याने खडक धरला होता. उजवा हात बिळात होता आणि आतल्या ऑक्टोपसने त्या हाताला मिठी मारली होती. इथवर सगळे रोजचेच. मिठी घट्ट झाली की हात ओढायचा. ऑक्टोपस बिळातून सुटून तोंडासमोर येतो, मग त्याच्या दोन डोळ्यांच्या मधोमध दात रोवायचे. एकदाच. तो लगेच सैल पडतो, खुंटीवरून गळलेल्या ओल्या वस्त्रासारखा. तेआबोला हे त्याच्या बापाने शिकवले होते, बापाला त्याच्या बापाने. "काम तीन हातांचं आणि हात दोनच," बाप म्हणायचा, "म्हणून तर माणसाला दात."

त्या दिवशी तेआबोने दात रोवले आणि खालच्या पुढच्या दाताने दगा दिला. ओल्या वाळूत ठोकलेला खुंट होडीच्या ओढीने लवावा, तसा तो मागे लवला. जबडा आपोआप उघडला. ऑक्टोपसने शाई सोडली आणि त्या काळ्या ढगाआडून तो निघून गेला. ढगात एक बारीक तांबडा धागा तरंगत राहिला. तो तेआबोच्या हिरडीतून आला होता.

वर येऊन त्याने श्वास घेतला, थुंकला, आणि पालथा तरंगत खाली बघत राहिला.

खाली, थाळीसारख्या पसरट प्रवाळाखाली, म्हातारा हेकरू आला होता. ठिपक्याठिपक्यांचा, वाकड्या जबड्याचा, वाढत्या डुकराएवढा मासा. बारा-पंधरा वर्षांची ओळख. गळ टाकला असता तर तो केव्हाच हाती लागला असता, पण तेआबोने कधी टाकला नाही. या हेकरूची एक सवय होती. रोज ओहोटीला तो त्याच जागी येऊन थांबे, कल्ले पसरी आणि तोंड उघडत असे. मग प्रवाळातून बोटाएवढे दोन निळ्या पट्ट्यांचे मासे निघत आणि सरळ त्याच्या तोंडात शिरत. ज्या तोंडात गेलेला मासा परत येत नाही, त्या तोंडात ते दातादातांमधून फिरत, कुठे टोचत, कुठे ओढत, हिरडीशी अडकलेले काढून खात. हेकरू हलत नसे. कधी त्याच्या अंगावरून एक शहारा जाई, तेवढेच. ते बघताना तेआबोच्या उघड्या डोळ्यांवरच झोप उतरे. पाणी त्याला हळूहळू झुलवी आणि किती वेळ गेला हे त्याचे त्याला कळत नसे.

त्या दिवशीही कळले नाही. भान आले तेव्हा भरती सुरू झाली होती आणि तोंडात रक्ताची खारट चव होती.

घरी नेई आकोइयाने, त्याच्या बायकोने, उकडलेला बाबाईचा कंद पुढे ठेवला. स्वतःचा वाटा तिने खोबऱ्याच्या दुधात कालवून मऊ केला होता. तिच्या तोंडाचे बोळके होऊन वीस वर्षे झाली होती.

"डावीकडनं का चावतोयस?" तिने विचारले.

"उजवीकडनं काल चावलं."

"तेआबो, मला दात नाहीत. डोळे आहेत."

मग त्याने तो दात जिभेने हलवून दाखवला.

"हलतोय?"

"वारा आला की."

नेई आकोइया हसली नाही. "जहाज आठ दिवसांवर आलंय," ती म्हणाली, आणि वाटी बाजूला ठेवून बाहेर बघत बसली.

जहाज वर्षातून एकदा येई. त्यावर दातांचा माणूस असे, त्याच्या पेटीत चिमटे असत. त्या चिमट्यांभोवती गावाने स्वतःचा एक नियम करून घेतला होता आणि नियमाच्या मुळाशी तेआबोचा थोरला भाऊ कौरा होता. तीस वर्षांपूर्वी जहाज गेल्यावर बाराव्या दिवशी कौराचा गाल सुजला. नारळाएवढा झाला. मग ताप चढला. पुढचे जहाज आले तेव्हा कौराच्या थडग्यावरची पांढरी खडी पावसाने धुऊन निघाली होती. तेव्हापासून गावात ठरले की दुखणे काही जहाजाची वाट बघत नाही, तर जहाज आहे तोवर दुखण्याची जागाच मोकळी करावी. जो दात काळा, जो हलता, ज्याचा संशय, तो काढायचा. त्याच्या शेजारचाही काढायचा. दातांचा माणूस पहिल्या वर्षी नको म्हणाला, दुसऱ्या वर्षी जरा कमी म्हणाला, मग त्यानेही नाद सोडला. नेई आकोइयाचे तीन दात किडले होते. एका सकाळी अठरा काढले. उरलेले पुढच्या दोन जहाजांना गेले. घरामागच्या नीरफणसाखाली तिने ते पुरले आणि पुढे कितीतरी वर्षे ती पाहुण्यांना सांगे, "आमच्या झाडाचं फळ जपून खा, ते उलटं चावतं."

तिच्या त्या विनोदावर सगळ्यांत आधी तीच हसे. पण केवड्याच्या फळाचा मोसम आला, मुले आणि म्हातारे सगळे त्या केशरी फोडी ओढून ओढून चोखू लागले, की ती विणायची चटई घेऊन घराच्या मागल्या बाजूला जाऊन बसे.

जहाज आले. मनेआबात, गावाच्या सभेच्या त्या मोठ्या छपराखाली, माणसे रांगेने बसली. मनेआबात प्रत्येक घराण्याची जागा ठरलेली असते आणि ती बापाकडून लेकाकडे येते. मागल्या वर्षी खुर्ची चुकून एका घराण्याच्या जागेवर मांडली गेली, तर म्हाताऱ्यांचा वाद दुपारपर्यंत चालला आणि एकही दात निघाला नाही. या वर्षी जुना माणूस नव्हता. त्याच्या जागी नेई रुता नावाची ठेंगणी पोरगी आली होती, फिजीहून शिकून. केसांच्या अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, कपाळावर दिवा बांधलेला. तिने आधी विचारले, "कोणाचीच नाही अशी जागा कुठली?" म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिले आणि मधली दाखवली. तिथे तिने प्लास्टिकची खुर्ची ठेवली.

"पोरगी शहाणी आहे," तोरोमोन तेआबोच्या कानाशी म्हणाला. तोरोमोन त्याचा लहानपणापासूनचा मित्र, तोंडात आता तीनच दात, तेही एकमेकांशी न बोलणारे. "तू किती काढणार?"

"खालचे पुढचे. सहा."

"वरचे पण सांग. खालचे नसतील तर वरचे कोणाशी भांडणार?"

"आणि ऑक्टोपस?"

"अरे, लोखंडी गज असतो. माझा पुतण्या गजानं मारतो."

"तुझा पुतण्या तीनदा भोसकतो, दोनदा स्वतःच्या पायाला."

"पण दात दुखत नाही त्याचा," तोरोमोन म्हणाला.

गज त्याने एकदा हातात धरून पाहिला होता. गज धरला की खडक सोडावा लागे. खडक सोडला की लाट माणसाला प्रवाळावर घासून काढी. साठीनंतर दात गेले तर प्रवाळाची कडही गेली, हे तो जाणून होता. मग उरले आतले उथळ पाणी, तिथले शिंपले, आणि लहान मुलांबरोबर चिखलात वाकणे. पण डोळ्यांपुढे कौराचा गालही होता.

दुपार चढली. रांग मुंगीच्या पावलाने सरकत होती. उंच छपराच्या झावळ्यांमधून उन्हाचे कवडसे खाली पडले होते आणि बाहेर समुद्र एकाच सुरात काहीतरी सांगत होता. तेआबोने खांबाला पाठ टेकली. कवडसे हलू लागले. ते हलतात तसे पाणी हलते, किंवा पाणी हलते तसे ते, आणि थोड्या वेळाने मनेआबा भरतीच्या पाण्याने काठोकाठ भरला. खांबांवर प्रवाळ उगवला. रांगेतली माणसे वेलींसारखी डोलत होती आणि कोणालाच घाई नव्हती. तेआबो जड झाला होता, ठिपक्याठिपक्यांचा झाला होता, त्याचा जबडा वाकडा होता. समोर दोन निळे मासे येऊन थांबले. त्यांना पोट होते, त्याला भूक होती, आणि तरीही काही न करणे एवढेच त्याचे काम होते. त्याने तोंड उघडले. मासे आत आले. दाताच्या मुळाशी थंड, बारीक, हलके असे काहीतरी फिरू लागले आणि कित्येक वर्षे अंगात साठलेला आवाज थांबावा तशी शांतता त्याच्या डोक्यात पसरली.

प्रवाळाच्या पलीकडे कौरा बसला होता. तरुण, मेला तेव्हाच्याच वयाचा. हात गालावर. ओठ घट्ट मिटलेले.

"तू पण ये," तेआबो त्याला म्हणाला.

कौराने मान हलवली. ओठ न उघडता तो बोलला, पाण्यात ते ऐकू आले. "मी माडावर होतो."

तेआबो जागा झाला. तोरोमोन त्याला कोपराने ढोसत होता. "उठ, घोरतोयस. पुढचा नंबर तुझा."

पण तेआबो लगेच उठला नाही. त्याला आठवत होते. तीस वर्षांत हे आठवले कसे नाही, याचेच त्याला नवल वाटले. जहाज त्या वर्षी दोन दिवस थांबले होते आणि ते दोन्ही दिवस कौरा नीरा काढायच्या निमित्ताने माडाच्या शेंड्यावर बसून गात होता. नीरा काढणारा गातोच, म्हणून कोणाला काही वाटले नाही. आईने खालून दोनदा हाक मारली होती, "उतर रे, दात दाखवून ये." तो आणखी मोठ्याने गायला. त्याला चिमट्याची भीती वाटत होती. दात तेव्हाच दुखत होता.

खुर्चीत बसल्यावर तेआबोने ठरवून आणलेले वाक्य बोलून टाकले. "खालचे पुढचे सगळे काढ, पोरी. म्हणजे वर्षभर घोर नाही."

"आधी बघू तर द्या, तिबू," नेई रुता म्हणाली. आजोबांना तिकडे तिबू म्हणतात, बाईला नेई. "दार बंद ठेवून घरात काय बिघडलंय कसं सांगू?"

त्याने तोंड उघडले. तिने दिवा सारखा केला, आरसा आत घातला, एकेका दाताला बोट लावून हलवून पाहिले.

"वर चौदा, खाली तेरा," ती म्हणाली. "या गावात आज सकाळपासून एवढे एका तोंडात पाहिले नाहीत. का काढायचे म्हणता? कशाला लागतात तुम्हाला हे?"

"ऑक्टोपस मारायला."

तिचा हात थांबला. "दातांनी?"

"मग काय भाषण करून?"

नेई रुता हसली. "माझे तिबू मारायचे. मला वाटलं ते त्यांच्याबरोबरच संपलं." मग तिने एका बारीक आकड्याने त्याच्या दातामागून काहीतरी खरवडले आणि हातावर ठेवून दाखवले. पिवळट, खरखरीत, प्रवाळाच्या कणासारखे. "हे बघा, किटण. दातांना तुमच्या कीड नाही, तिबू. दात धड आहेत. आजारी आहे ती हिरडी. किनाऱ्यावरचा माड कशानं पडतो?"

"मुळाखालची वाळू जाते."

"खोडाला काही झालेलं असतं?"

"नाही."

"तेच. हे किटण हिरडीखाली जाऊन बसलंय आणि तिथली वाळू धुपतेय."

तेआबोने विचार केला. "गेलेली वाळू परत येते?"

"नाही. खोटं कशाला सांगू? पण उरलेली धरून ठेवता येते. मी आज हे सगळं खरवडून काढते. दुखेल, रक्त येईल. मग वर्षभर तुम्ही. सकाळ-संध्याकाळ मऊ ब्रश, हिरडीच्या कडेनं हळू. रोज संध्याकाळी दातांच्या फटीतून हा धागा. त्यानंतर नीरा नाही, गोड चहा नाही, फक्त पाणी. आणि तंबाखू सोडायची."

"तंबाखू पण?"

"तंबाखू आधी. आणि मी येईपर्यंत ऑक्टोपसला चावायचं नाही."

रांगेतून तोरोमोनचा आवाज आला. "मग ठेवलेत कशाला, म्हणावं?"

"आणि सुजला तर?" तेआबोने हळू आवाजात विचारले. त्याने तिला कौराची गोष्ट सांगितली. माडाची पण सांगितली. ती त्याने आजवर कोणाला सांगितली नव्हती, कारण त्यालाच ती थोड्या वेळापूर्वी आठवली होती.

"आता शेजारच्या गावात दवाखाना आहे," ती म्हणाली. "औषध आहे, रेडिओ आहे. सूज दिसली की त्याच दिवशी जायचं, दुसऱ्या दिवशी नाही. मग कौरासारखं होणार नाही. पण हा एक सगळ्यांत हलतोय, त्याची हमी मी देत नाही. काढायचे की ठेवायचे, तोंड तुमचं आहे."

तेआबोने छपराकडे पाहिले. कवडसे अजून हलत होते. त्याने डोळे मिटले, कल्ले असते तर तेही पसरले असते, आणि तोंड उघडले.

त्या दिवशी त्याने इतके रक्त थुंकले की तोरोमोनने कपाळावर हात मारला. "एक दात काढला नाही आणि तिघांचं रक्त सांडलं. याला इलाज म्हणतात?"

पहिला महिना वाईट गेला. ब्रश लावला की फेस गुलाबी होई. गावात सगळ्यांचे मत एकच होते की ज्याने रक्त येते ते हिरडीला लावू नये. जखमेवर कोणी घासते का? सगळ्यांनी आपापले ब्रश याच कारणाने टाकले होते. दहाव्या दिवशी तेआबोनेही आपला झावळीत खोचून ठेवला आणि दोन दिवस त्याकडे पाहिले नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी नेई आकोइयाने तो काढून त्याच्या हातात दिला.

"रक्त येतंय गं."

"ती म्हणाली होती येईल म्हणून."

"तुला काय माहीत? तू तर रांगेत नव्हतीस."

"मी मनेआबाच्या बाहेर होते. सगळं ऐकलं." ती थोडी थांबली. "मला पण रक्त यायचं, तेआबो. मी पण ब्रश ठेवून दिला होता. मला कोणी सांगितलं नव्हतं."

वीस वर्षांत ती असे प्रथमच बोलली होती. तो उठून पाण्याच्या काठाशी गेला आणि घासू लागला. पुढे कधीतरी, नेमके कधी ते त्याच्या लक्षातही आले नाही, फेस पांढरा झाला.

धाग्याची डबी तीन महिन्यांत संपली. तेआबोने गळाची बारीक दोरी घेऊन पाहिली. ती हिरडीत सुरीसारखी शिरली आणि दोन दिवस त्याला साधे पाणीही झोंबले. मग नेई आकोइयाने पिठाच्या पोत्याचे सूत उसवले, उकळले, आणि हातभर लांबीचे तुकडे करून नारळाच्या करवंटीत ठेवले. रोज संध्याकाळी ती त्यातला एक त्याच्यापुढे धरी. तंबाखू सुटायला मात्र फार दिवस लागले. केवड्याच्या पानात गुंडाळलेल्या विडीचा वास शेजारून आला की तेआबो उठून कोठेही चालू लागे. बेट अरुंद असल्यामुळे तो लगेच दुसऱ्या समुद्राशी पोचे, आणि परत फिरे.

पाचव्या महिन्यात एका सकाळी हलत्या दाताखाली सूज आली. हरभऱ्याएवढी, तापलेली. नेई आकोइयाने पाहिली आणि तिचा चेहरा पांढरा पडला. तेआबो सरळ उलांडीच्या होडीकडे गेला. चालता चालता त्याची नजर वर माडांकडे गेली. शेंड्यावर कोणी गात नव्हते. दुपारपर्यंत तो शेजारच्या गावच्या दवाखान्यात होता, रेडिओवर नेई रुताशी बोलणे झाले होते आणि औषधाचा पहिला डोस पोटात गेला होता. चार दिवसांत सूज उतरली. पंधरा दिवसांनी तो दात, सुके मासे खाताना, काही न दुखता त्याच्या हातावर आला. लांब, पिवळा, मुळापर्यंत उघडा. तेआबोने तो बराच वेळ उलटासुलटा करून पाहिला.

"बघ, गेला," तोरोमोन म्हणाला. "मी म्हणालो होतो. आता एकेक करून सगळे त्याच्या मागे जातील. माझं तसंच झालं."

तेआबो जिभेने उरलेल्यांना चाचपत राहिला. ते हलतात की त्याची जीभ हलते, हे त्याला ठरवता येईना. आधी त्याला एका दाताची काळजी होती, आता सव्विसांची झाली. तो रोज घासत होता, धागा ओढत होता, पण चावायला मिळेल अशी आशा त्याने मनातून सोडून दिली होती. ओहोटीला मात्र तो प्रवाळाच्या कडेला जाई. बिळांपुढून रिकाम्या हाताने जाई. ऑक्टोपस आतून त्याला बघत. एखादा तर त्याला विसरल्यासारखा बाहेरच येऊन बसे. तेआबो पाण्यावर पालथा पडून हेकरूकडे पाही. हेकरू येई, थांबे, तोंड उघडत असे. तो हे रोज करत होता. एकदा साफ झाले म्हणून दुसऱ्या दिवशी यायचा राहत नव्हता. पंधरा वर्षे बघूनही तेआबोच्या हे ध्यानात आले नव्हते.

जहाज त्या वर्षी दोन महिने उशिरा आले. मनेआबाच्या मधल्या जागेवर खुर्ची मांडली गेली. तेआबो रांगेत पहिला होता.

नेई रुताने आरसा घातला. आकड्याने हिरडीची कड एकेक करून चाचपली. तेआबोला नेई आकोइया दिसत होती. ती या वेळी बाहेर नव्हती, आपल्या घराण्याच्या जागेवर सरळ बसली होती.

"एक गेला," तेआबो उघड्या तोंडाने कसाबसा म्हणाला.

"तो जाणारच होता. गप्प बसा." मग तिने कापसाची घट्ट गुंडाळी करून पुढच्या दातांमध्ये धरली. "चावा."

तेआबोचा जबडा पुढे होईना.

"चावा, तिबू. मला पकड बघायची आहे."

त्याने हळूच दात टेकवले.

"ही तर सांभाळायला दिल्यासारखी धरलीत. चावा."

तो चावला. वर्षभर वाचवलेला सगळा जोर लावून चावला. नेई रुताने गुंडाळी ओढली, पण ती येईना. तिने पुन्हा ओढली. रांगेत कोणीतरी हसले. तिने आरसा खाली ठेवला.

"हिरडी धरून बसलीय," ती म्हणाली. "चौदा महिन्यांत वाळू हललेली नाही. मी तुम्हाला गज वापरा म्हणून सांगेन. तुम्ही ऐकणार आहात का?"

"नाही."

"मग रिकाम्या बाजूनं चावू नका. आणि संध्याकाळचा धागा चुकवू नका."

"ती चुकवू देत नाही," तेआबो म्हणाला. नेई आकोइया छपराकडे बघू लागली.

तो खुर्चीवरून उठला तेव्हा तोरोमोन पुढे आला होता. त्याने तिघांपैकी एकावर बोट ठेवले. "पोरी, हे तीन राहतील का बघ. उगाच विचारतोय."

त्याच दुपारी ओहोटी होती. तेआबोने होडी काढली नाही, पोहतच गेला. बिळे त्याला पाठ होती. डाव्या हाताने खडक धरून त्याने उजवा हात आत घातला आणि थांबला. आधी एका बोटाशी कोणी कुजबुजल्यासारखे झाले. मग मनगटाला, मग कोपरापर्यंत ती जुनी गार मिठी आली. त्याने ओढले. डोळ्यांसमोर ते दोन डोळे आले, झोपाळू आणि शहाणे. तेआबोने तोंड उघडले. कौरा त्याच्या मनात आला, माडाच्या शेंड्यावर, आणि यावेळी तो खाली उतरत होता.

तेआबोने दात रोवले. ते लवले नाहीत. फक्त एका फटीतून समुद्राचे थोडे पाणी आत आले. ऑक्टोपस त्याच्या हातावर सैल पडला.

वर येताना त्याला हेकरू दिसला. श्वास घेऊन तो परत खाली गेला, असाच, काही काम नसताना. हेकरू तोंड उघडून उभा होता आणि निळे मासे त्याच्या दातांत फिरत होते. तेआबोने त्याच्यासमोर, हातभर अंतरावर, आपलेही तोंड उघडले. एक मासा वळला. तो त्याच्या ओठांपाशी आला, आत डोकावला, थोडा घुटमळला, आणि परत हेकरूकडे गेला.

नेई आकोइयाने ऑक्टोपस हातात घेतला आणि सगळ्यांत आधी त्याच्या डोळ्यांच्या मधे बोट फिरवले. दातांची खूण तिला सापडली. तिथे एक जागा सुटलेली होती.

"एक कमी आहे," ती म्हणाली.

"एक कमी आहे."

तिने चूल पेटवली. तेआबोने तिच्या वाट्याचे तुकडे निराळे काढले, अंगणातल्या सपाट दगडावर ठेवले, आणि ते तिच्या तोंडात विरघळतील इतके मऊ होईपर्यंत, ऊन पाण्यावर उतरून पिवळे होईपर्यंत, तो ते कुटत बसला.